एकावर बोट

'संदिग्ध' हा शब्द कुणी माझ्यासमोर वापरला की माझं डोकं फिरतं. बँकेत तो रोज कुणीतरी वापरतं. परिपत्रक संदिग्ध आहे, नियम संदिग्ध आहे, वरून आलेला मेल संदिग्ध आहे. नीट वाचून पाहिलं तर बहुतेक वेळा त्यात संदिग्ध काहीच नसतं. कुणाची तरी चूक झालेली असते आणि ती कुणाची हे सांगायचं नसतं. सहकारी म्हणतात, एवढ्याशा शब्दावर काय चिडतेस. त्यांना देवरे मॅडम माहीत नाहीत, म्हणून म्हणतात.

देवरे मॅडम आम्हाला धुळ्याला, देवपुरातल्या इंजिनिअरिंग कॉलेजात दुसऱ्या वर्षाला गणित शिकवायच्या. मी जळगावची, हॉस्टेलला राहणारी. मॅडम उंचीला इतक्या कमी की फळ्याच्या वरच्या भागाला त्यांचा हात पोचायचा नाही. तो भाग कायम कोरा. उरलेल्या फळ्यावर त्या खडू असा दाबून लिहायच्या की तासाला दोन-तीन तरी मोडायचे. मोडलेला तुकडा उचलून त्याच तुकड्यानं पुढे लिहीत राहायच्या. तोंडाला स्कार्फ, अंगात सनकोट, एक जुनी स्कूटी आणि कपाळावर एक आठी, जी रविवारी तरी जात असेल की नाही याची आम्हाला शंका होती.

पहिल्याच तासाला त्यांनी डिफरन्शियल इक्वेशन लिहिलं आणि विचारलं, "हे काय सांगतं?" कुणी उठलं नाही. मग त्या म्हणाल्या, "हे एवढंच सांगतं की गोष्ट बदलते कशी. धुळ्याहून सुटलेली एसटी आणि पारोळ्याहून सुटलेली एसटी एकाच चालीनं निघाल्या, तर एकाच वेळी जळगावला पोचतील का? नाही. का नाही? सुटल्या कुठून ते वेगळं आहे. ते सांगते इनिशियल कंडिशन. ती वाचल्याशिवाय ज्यानं पेन उचललं, त्याला मी वर्गात ठेवणार नाही."

आणि खरंच ठेवत नसत. त्यांचा एक नियम होता. गणित सोडवायला घेण्याआधी डाव्या हाताचं बोट इनिशियल कंडिशनवर ठेवायचं. गणित संपेपर्यंत उचलायचं नाही. एकोणीस-वीस वर्षांची दांडगी मुलं-मुली, बालवाडीतल्यासारखी पुस्तकावर बोट ठेवून बसलेली. बाहेरून जाणारे प्राध्यापक खिडकीतून बघून हसायचे. मॅडमना ते दिसायचं. त्या खिडकी लावून घ्यायच्या.

या बोटामागे कारण होतं. गावात क्लासेसचं पेव फुटलेलं, आणि प्रत्येक क्लासमध्ये एकच युक्ती शिकवत: उत्तराच्या शेवटी जो C येतो, त्याची किंमत काढायला x च्या जागी शून्य ठेवा. दहातल्या नऊ गणितांत अट शून्यापाशीच दिलेली असते, त्यामुळे युक्ती चालायची. प्रश्न वाचायचंही काम नाही. एकदा पुढच्या बाकावरच्या एका मुलानं अट एकापाशी असताना शून्य ठेवला. राग आला की मॅडमची पुस्तकी मराठी संपायची आणि साक्रीकडची अहिराणी सुरू व्हायची.

"बोट कोठे शे तुन्हं?"

"एकवर, मॅडम."

"मंग शून्य कसाले लिखस? तुन्हा क्लासवाला ऊना व्हता का पेपर काढाले?"

पेपर काढायला क्लासवाला आला होता का, यावर वर्ग हसला. त्या हसल्या नाहीत. त्याची वही उचलून, पायऱ्या सगळ्या बरोबर असलेली, त्यांनी सगळ्यांना दाखवली. "बठ्ठं बराबर शे. फक्त सुरुवात दुसरानी शे." मग वही परत देताना मराठीत म्हणाल्या, "दुसऱ्याच्या सुरुवातीवरून आपलं उत्तर काढायचं नसतं, बाळा." तो मुलगा आज भेटला तरी हे वाक्य त्याच सुरात म्हणून दाखवतो.

पुस्तकातल्या उदाहरणांवरही त्यांचा राग होता. चहाचा कप खोलीत ठेवला, खोलीचं तापमान पंचवीस अंश, तर चहा किती वेळात थंड होईल, असलं गणित आलं की त्या पुस्तक मिटायच्या. "कुणाची खोली ही? धुळ्यात मे महिन्यात पंचवीसची खोली कुणी दाखवा मला." मग पंचवीस खोडून त्रेचाळीस लिहायच्या आणि विचारायच्या की चहा कुठे जाऊन थांबेल. आम्ही घाम पुसत सांगायचो, त्रेचाळीसला. सावद्याची एक मुलगी होती, तिच्या घरी केळीचा व्यापार. तिला उभं करून म्हणायच्या, "तुमच्या कोल्ड रूममध्ये जानेवारीची केळी आणि मेची केळी सारख्याच वेळात गार होतात का? नाही ना? मग कधी गार होतील हे विचारण्याआधी घरी काय विचारतात?" ती म्हणायची, "माल कितीचा आला." मॅडम म्हणायच्या, "बस. एवढंच गणित आहे."

आता त्यांच्या स्वतःच्या इनिशियल कंडिशनबद्दल सांगते, कारण ती आठवली की मला आजही शांत बसवत नाही. मॅडम तासिका तत्त्वावर होत्या. म्हणजे जेवढे तास शिकवाल तेवढ्याच तासांच्या तुम्ही. परीक्षेच्या काळात, सुट्टीत, आजारपणात तुम्ही कुणीच नाही. आम्ही यायच्या कितीतरी आधीपासून त्या तिथे शिकवत होत्या, पण स्टाफरूममध्ये त्यांची खुर्ची नव्हती. डबा त्या प्रयोगशाळेच्या मागच्या सामानाच्या खोलीत खायच्या, जुन्या मोटारींच्या शेजारी बसून. आणि दर वर्षी जून आला की नव्याने अर्ज, नव्याने मुलाखत. समोर विभागप्रमुख पवार सर, ज्यांना मॅडम रोज सकाळी नमस्कार करायच्या, ते विचारायचे, "आपला परिचय द्या."

एका वर्षी मॅडम म्हणाल्या, "सर, गेल्या वर्षी दिला होता. तोच आहे."

हे आम्हाला तिथल्या शिपाईभाऊंनी सांगितलं. पवार सर हसले म्हणे आणि म्हणाले, "प्रोसिजर आहे, मॅडम." एवढ्या वर्षांचं शिकवणं, आणि दर जूनला त्याचा हिशेब पुन्हा शून्यापासून. क्लासवाल्यांची युक्ती कॉलेजनंही शिकून घेतली होती. ती या बाईंवर इतक्या सराईतपणे वापरली जायची की बाकी कुणाला त्यात काही वावगं वाटत नसे.

आमच्या वर्गात सुमित्रा होती. चोपडा तालुक्यातली, सातपुड्याच्या पायथ्याच्या एका पाड्यावरची. घरची शेती पावसावरची, बाकी दिवस मजुरी. तिच्या वस्तीतून इंजिनिअरिंगला आलेली ती पहिलीच. ती सरकारी वसतिगृहात राहायची आणि तिथला नियम सरळ होता: नापास झालात तर जागा गेली. जागा गेली की धुळ्यात राहणं गेलं, आणि राहणं गेलं की शिक्षण गेलं. सुमित्राला हे पहिल्या दिवसापासून माहीत होतं, त्यामुळे ती बोट ठेवायची ते मॅडमना घाबरून नाही, गंभीरपणे ठेवायची. परीक्षेतही तिचा डावा हात प्रश्नपत्रिकेवर असायचा.

त्या वर्षीच्या पेपरात एक गणित आलं. dy/dx + y = x, आणि अट अशी की x एक असताना y दोन. साधं गणित. नीट सोडवलं तर C येतो 2e. जरा ओबडधोबड दिसतो, पण तोच खरा. न वाचता शून्य ठेवला तर C येतो 3. देखणा, गुळगुळीत तीन.

निकाल लागला तेव्हा क्लासवाली सगळी पोरं पास होती आणि सुमित्रा गणितात नापास. थोडक्यासाठी. उत्तरपत्रिकेची प्रत मागवली तर या गणितावर लाल रेघ, समोर शून्य. मॅडमनी ती प्रत सामानाच्या खोलीत, डब्याच्या झाकणावर ठेवून पाहिली. दोनदा पाहिली. मग विद्यापीठाचं आदर्श उत्तर मिळवलं. त्यात तीन होता.

काय झालं असेल ते त्यांच्या लगेच लक्षात आलं, आणि आमच्याही. हेच गणित पवार सरांच्या छापील नोट्समध्ये होतं, फक्त तिथे अट शून्यापाशी होती आणि उत्तर तीन होतं. प्रश्न नवा दिसावा म्हणून कुणीतरी शून्याचा एक केला होता आणि उत्तराला हात लावायचा कंटाळा केला होता. पेपर कोण काढतं हे गुप्त असतं. आमच्या विभागात ते चहावाल्यालाही माहीत होतं.

ज्यांनी प्रश्न वाचला नाही त्यांना पूर्ण गुण, आणि जिनं वाचला तिला शून्य; बोट ठेवणाऱ्या आम्हा बाकीच्यांचेही गुण गेले, पण आम्ही पास होतो.  मॅडमनी सुमित्राला बसवून पुनर्मूल्यांकनाचा अर्ज भरला. तोही त्याच आदर्श उत्तराशी ताडून तसाच परत आला. तेव्हा त्या सुमित्राला आणि मला घेऊन सकाळच्या एसटीनं जळगावला विद्यापीठात आल्या.

परीक्षा विभागातले अधिकारी सभ्य होते. खुर्ची दिली, चहा मागवला. मॅडमनी प्रश्नपत्रिका त्यांच्या टेबलावर पसरली आणि त्या 'एक'वर बोट ठेवलं.

"साहेब, तुमच्या उत्तरात एक ठेवून बघा. दोन यायला पाहिजेत. येत नाहीत. एकच्या जरा वर काहीतरी येतं."

"मॅडम, आदर्श उत्तरात तीन आहे."

"म्हणूनच सांगते, ठेवून बघा."

"ते आमचं काम नाही."

"कुणाचं आहे?"

"तज्ज्ञांचं."

"तज्ज्ञ कोण?"

"ते गोपनीय आहे."

चहा आला. मॅडमनी उजव्या हातानं कप बाजूला सरकवला. डावं बोट तसंच. अधिकाऱ्यांनी कॅल्क्युलेटर शेजारी असूनही त्याला हात लावला नाही. थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, "मॅडम, तुम्ही कायम आहात का?"

"नाही. तासिका तत्त्वावर."

"मग तुमची तक्रार विभागप्रमुखांमार्फत यायला हवी. अशी थेट घेता येत नाही."

गणित एका मिनिटात तपासता येत होतं, आणि ते तपासायचं की नाही हे, चूक दाखवणाऱ्या बाईची नेमणूक कोणत्या प्रकारची आहे, यावर ठरणार होतं. तक्रारसुद्धा ज्यानं चूक केली त्याच्यामार्फतच. मॅडम उठल्या तेव्हा तो चहा तसाच होता. परतीच्या वाटेवर एरंडोलला त्यांनी आम्हाला केळी घेऊन दिली आणि सुमित्राला म्हणाल्या, "तुन्हं बराबर शे. हाई इसरू नको." सुमित्रानं मान हलवली, पण केळं काही सोललं नाही.

तिसऱ्या वर्षाच्या प्रवेशाची मुदत संपत आली. वसतिगृहानं खोली खाली करायला सांगितलं. सुमित्राचे वडील तिला न्यायला आले. बारीक, वाळलेला माणूस, डोक्याला रुमाल. ते कॉलेजच्या आवारात कडुलिंबाखाली तिच्या पेटीवर बसून होते. मॅडम त्यांच्याजवळ गेल्या आणि त्यांना सगळं समजावून सांगू लागल्या. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"बाई," ते म्हणाले, "तुमी खऱ्या, का ते खरे?"

"मी खरी."

"मंग पोरगी नापास कशी?"

 

त्याच दुपारी पवार सरांनी त्यांना बोलावलं. सुमित्रा आणि मी दाराबाहेर होतो. आत कूलरचा आवाज होता, तरी ऐकू येत होतं. सरांनी मार्ग काढला होता. कॉलेजनं एवढंच लिहून द्यायचं की प्रश्न संदिग्ध होता. मग विद्यापीठ तो प्रश्न सोडवणाऱ्या सगळ्यांना पूर्ण गुण देणार. दोन दिवसांत निकाल सुधारून येईल, पोरीचं वर्ष वाचेल. तक्रार मॅडमनी केली होती, म्हणून सही मॅडमची हवी.

"संदिग्ध?" मॅडम म्हणाल्या. "सर, एक हा एक आहे. त्यात संदिग्ध काय आहे?"

"मॅडम, एका शब्दाचा प्रश्न आहे. शब्दानं काय बिघडतं?"

"चुकीचं उत्तर लिहिलं होतं, असं लिहा. मी आत्ता सही करते."

"ते होणार नाही. तुम्ही ठरवा. मुदत सोमवारची आहे."

 सुमित्रानं माझा हात धरला होता. तिला ती सही हवी होती. मलाही हवी होती. ती सही करू नये असंही मला वाटत होतं, आणि हे दोन्ही एकदम वाटण्याचा राग आजवर गेलेला नाही.

मॅडम बाहेर आल्या. चेहऱ्यावर ती आठीसुद्धा नव्हती. सरळ लिंबापाशी गेल्या आणि वडिलांना म्हणाल्या, "पेटी परत वसतिगृहात न्या. पोरगी पास झाली."

वडील उठले. "म्हंजे तुमीच खऱ्या निघाल्या."

 सुमित्रा पाया पडायला वाकली, तिला मॅडमनी दंडाला धरून उठवलं आणि जवळजवळ ओरडल्याच, "पाया नको पडू. आभार नको मानू. तुला तुझे गुण मिळाले नाहीत. चुकलेल्या पोरांना जे वाटले, त्यातले तुला मिळाले. समजतंय का तुला?" सुमित्रा रडायला लागली. मॅडमनी पर्समधून स्वतःचा रुमाल काढून तिला दिला आणि स्कूटी सुरू करून निघून गेल्या. स्कार्फ बांधायचा राहिला होता.

नव्या सत्राच्या वेळापत्रकात त्यांचं नाव नव्हतं. त्यांना काढलं असं कुणी म्हणालं नाही. तासिका तत्त्वावरच्या माणसाला काढावं लागत नाही, फक्त बोलवायचं नसतं. त्यांच्या जागी एका क्लासवाल्याला तास दिले. पवार सर पुढे प्राचार्य झाले, निवृत्तीला त्यांचा सत्कार झाला, आणि भाषणात कुणीतरी त्यांना गणिताचे तपस्वी म्हणालं. मी त्या समारंभाला गेले नव्हते. गेले असते तर उठून काहीतरी बोलले असते, आणि मग माझीही 'प्रोसिजर' झाली असती. सुमित्रा इंजिनिअर झाली. जळगावात पाइपच्या एका कारखान्यात आहे, हाताखाली दहा-बारा माणसं आहेत. नव्या माणसाला ती कुठल्याही मशिनपाशी आधी सुरुवातीच्या रीडिंगवर बोट ठेवायला लावते, असं कळलं. माणसं हसतात म्हणे. ती हसत नाही.

मॅडम मला त्यानंतर एकदाच दिसल्या, याच जूनमध्ये. भाच्यासाठी सोडवलेल्या प्रश्नपत्रिकांचा संच घ्यायला मी बँकेच्या जेवणाच्या सुट्टीत जळगावच्या नवी पेठेतल्या एका पुस्तकाच्या दुकानात गेले होते. काउंटरला एक बुटक्या बाई उभ्या होत्या, पाठमोऱ्या, पांढरा सनकोट. त्या आता देवपुरात घरीच शिकवण्या घेतात आणि मुलांसाठी पुस्तकं बघायला आल्या होत्या. ओळख पटली, चौकशी झाली. मी बँकेत आहे हे ऐकून, "एवढं इंजिनिअरिंग करून व्याज मोजतेस," असं म्हणून झालं. मग मी तो संच उघडला, आणि उघडायला नको होता असं लगेच वाटलं. जुन्या पेपरांत आमच्या त्या वर्षीचाही पेपर होता. ते गणित होतं. खाली उत्तर छापलेलं होतं, आदर्श उत्तराबरहुकूम. तीन.

मी पान मिटायला गेले. मॅडमनी संच माझ्या हातातून घेतला. डावं बोट एकावर ठेवलं. पर्समधून पेन काढलं, तीन खोडला आणि शेजारी लिहिलं, 2e. संच माझ्या हातात परत दिला.

मग दुकानदाराकडे वळल्या. "दादा, याच्या आखो कितल्या शेत?"

त्याला वाटलं गिऱ्हाईक मोठं आहे. त्यानं आतून गठ्ठा आणून काउंटरवर ठेवला. मॅडमनी वरची प्रत उघडली, बोट ठेवलं, खोडलं, लिहिलं. दुसरी उघडली. तिसरीला दुकानदाराच्या लक्षात आलं.

"ओ ताई, काय करताय? पुस्तकं खराब करताय तुम्ही."

"खराबच छापलीयेत."

"पण तुम्ही कोण? विद्यापीठातून आलात का?"

"नाही," मॅडम म्हणाल्या, आणि मान वर न करता पुढची प्रत ओढली. "मी सही केली होती."